एकही मेली नाही

माझी नणंद दर रविवारी जेवण झाल्यावर कोळंब्या निवडायला बसायची. म्हणजे मारायला. भांडी घासून झाली की गॅलरीत प्लॅस्टिकचं स्टूल ओढायची, चष्मा चढवायची आणि चहाच्या गाळणीएवढी जाळी हातात घेऊन काचेला नाक लावायची. नखाएवढ्या त्या कोळंब्या, पाळायच्या, शोभेच्या. गडद लाल असतील त्या आत राहायच्या. ज्यांच्या पायांवर रंग उतरलेला नाही, पाठीवर पारदर्शक पट्टा आहे, ज्या गुलाबीकडे झुकल्यात, त्या उचलून शेजारच्या टाकीत. तिथे एक ऑस्कर मासा होता, तळहाताहून मोठा. जाळी पाण्याला टेकायच्या आधीच तो वर आलेला असायचा.

"ही तर बरी दिसते की," मी एखादीकडे बोट दाखवून म्हणायचे.

"बरी चालत नाही, वहिनी. बरी ठेवली की पुढच्या पिढीत निम्म्या बऱ्या निघतात, त्याच्या पुढच्या पिढीत सगळ्याच." टप्. "संपली."

मला हे बघायला आवडायचं. मी अंधेरीला एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये पंचवीसेक वर्षं काढली आहेत. खराब माल बाजूला काढताना हात थरथरणारी माणसं मला कधी समजली नाहीत. माझ्या नणंदेचा हात थरथरत नसे, म्हणून आमचं पटत असे. बाकी पटण्यासारखं काही नव्हतं. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, बिनलग्नाची. औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती, ती कंपनी बंद झाली आणि ती मुलुंडला आमच्याकडे आली, थोड्या दिवसांसाठी म्हणून. ते थोडे दिवस सहा वर्षांचे झाले. ती हॉलमध्ये सोफ्यावर झोपायची. सकाळी चादर घडी करून सोफ्याखाली सारायची, की रात्री तिथे कोणी झोपलं होतं याची खूणही राहत नसे. कपडे आमच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. तिची म्हणावी अशी जागा घरात एकच होती, गॅलरी, आणि तीसुद्धा कोळंब्यांनी भरलेली.

या कोळंब्यांवर तिनं घर सोडायचा बेत रचला होता. घाटकोपरला स्टेशनाजवळ एकाचं माशांचं दुकान आहे, शोभेच्या माशांचं. त्यानं तिचा माल बघितला होता. दुकानामागे एक खोली, खोलीला पोटमाळा. तो म्हणाला होता, दिवाळी झाली की येतो, पोटाशी अंडी धरलेल्या माद्यांनी टाकी भरलेली दाखवा, खोली तुमची. खाली टाक्या ठेवा, वर तुम्ही राहा, माल मला द्या. पन्नाशीला आलेल्या बाईला स्वतःचं दार मिळणार होतं, लावून घेता येईल असं. त्या पोटमाळ्यात तिला ताठ उभंही राहता आलं नसतं, पण तिनं पडद्याचं कापडसुद्धा घेऊन ठेवलं होतं.

मलाही ती जायला हवीच होती. मी ते कधी लपवलं नाही आणि तिनं कधी मनाला लावून घेतलं नाही. "तू गेलीस की मी गॅलरीत वॉशिंग मशीन ठेवणार," मी म्हणायचे. "मी गेले की तू दादाला गॅलरीत ठेव आणि मशीन हॉलमध्ये," ती म्हणायची.

अंडी धरलेली मादी म्हणजे काय, ते तिनंच मला दाखवलं होतं. कोळंबी अंडी घालून सोडून देत नाही. आधी मानेमागे पिवळसर डाग दिसतो, तो म्हणजे आतली अंडी. मग ती कात टाकते, नर टाकीभर वेड्यासारखे फिरतात, आणि दुसऱ्या दिवशी ती अंडी तिच्या पोटाखाली येतात, द्राक्षाच्या घोसासारखी. ती त्यांना पायांनी सारखी वारा घालत राहते, महिनाभर. खाताना, चालताना, भांडतानाही. त्यातून जे बाहेर येतं ते आईसारखंच दिसतं, फक्त धाग्याच्या तुकड्याएवढं.

नणंदेचं औषधपाणी म्हणजे एकच गोष्ट. बदामाची पानं. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीला देशी बदामाचं मोठं झाड आहे. त्याचं आपोआप गळलेलं, तपकिरी झालेलं पान पाण्यात टाकलं की पाणी चहासारखं होतं, आणि कोळंब्यांना ते मानवतं. पानावर बुळबुळीत थर चढतो, तो त्या चरतात. अंडी धरलेल्या माद्या तर पानाखालून हलत नाहीत. हिरवं तोडलेलं पान चालत नाही, अर्धवट पिवळं चालत नाही. झाडूवाली यायच्या आत खाली जाऊन ती एकेक पान उलटसुलट करून निवडायची, नळाखाली धुवायची, गच्चीवर वाळवायची. तांदळाच्या जुन्या डब्यात रचून ठेवायची. सोसायटीतल्या बायका तिला वरून बघायच्या आणि एकमेकींना सांगायच्या, आली बघ पाचोळा गोळा करायला.

त्या वर्षी पावसात मागचं गवत गुडघ्यापर्यंत आलं. गणपतीचा मंडप तिथेच घालतात. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, आवाज अजून काउंटरपलीकडचा. ते म्हणाले, तणनाशक मारून घेऊ, एक माणूस आहे, पाठीवर पंप घेऊन येतो, आठ दिवसांत मैदान साफ.

माझी नणंद उठून उभी राहिली. "कापून घ्या की. औषध कशाला?"

"कापलं की पुन्हा येतं, बाई. तुम्ही येणार का दर आठवड्याला विळा घेऊन?"

"माझ्याकडे कोळंब्या आहेत. त्यांना हे चालत नाही. पाण्यात थोडं जरी गेलं तरी—"

"औषध काय तिसऱ्या मजल्यावर चढून येणार आहे? लिफ्टनं?"

लोक हसले. पहिल्या मजल्यावरची बाई मागून म्हणाली, "अगं, चटणी करून टाक त्या जवळ्याची. भाकऱ्या मी आणते."

"आमच्या पोरांना साप चावू दे, पण हिची कोळंबी बाळंत व्हायला पाहिजे," दुसरं कोणीतरी. यावर फारच हसले. हात वर करायला सांगितले. सगळ्यांचे वर गेले. माझ्या नवऱ्याचाही.

घरी आल्यावर ती त्याला म्हणाली, "दादा, तूसुद्धा?"

"अगं, सगळ्यांचे वर होते. माझाच एकट्याचा खाली कसा दिसेल?"

"भावासारखा दिसला असता."

"भाऊ आहे म्हणूनच सांगतो. चार लोकांत हसं करून घेऊ नकोस." आणि त्यानं टीव्ही लावला.

ती रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. फवारणीच्या आधी दोन पिंपं पाणी भरून झाकून ठेवलं. त्या दिवशी खिडक्या बंद करून फटींना चिकटपट्टी लावली, टाक्यांवर ओल्या चादरी टाकल्या. हवेचा पंप गॅलरीतून उचलून स्वयंपाकघरात आणला, म्हणजे बाहेरची हवा पाण्यात जायला नको. मला कुकर लावायला जागा उरली नाही. पंपवाला खाली फिरत होता, तोंडाला रुमाल बांधून, पायात स्लिपर. पाठीवरच्या डब्यातून पांढरा फेस गवतावर पडत होता. तो तास-दीड तासात गेला, ती दोन दिवस पट्ट्या काढेना.

आठवड्यात गवत पिवळं पडलं, मग खरडून नेलं. सेक्रेटरी प्रत्येकाला गॅलरीतून खाली बघायला लावत होते. "झकास झालं की नाही?" टाकीत एकही कोळंबी मेली नाही. तिनं रोज मोजून पाहिलं. शेवटी मलाच म्हणाली, "एवढा एक फायदा झाला बघ. गवत गेल्यामुळे पानं कशी स्वच्छ दिसतात. वाकून शोधायला नको." त्या आठवड्यात तिनं डबा गच्च भरला.

पावसात गवत पुन्हा पुन्हा यायचं आणि सेक्रेटरींना आता चटक लागली होती. कोंब दिसला की पंपवाला हजर. ती पुन्हा खिडक्या लावायची, पुन्हा चादरी.

गणपती गेले तेव्हा पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं. माद्यांच्या मानेमागे डाग येत होता, त्या कात टाकत होत्या, नर फिरत होते, आणि पोटाखाली मोजून चार-पाच अंडी. कधी काहीच नाही. ज्यांनी धरली त्यांनी दोन दिवसांत टाकून दिली. टाकीच्या तळाला ती पिवळी अंडी पडलेली दिसायची, आणि बाकीच्या येऊन ती खायच्या. जिची होती तीसुद्धा खायची. पुढच्या दोन पायांनी उचलून, भाताचं शीत खावं तशी.

"तरुण आहेत, पहिलटकरणी असतात अशा," ती म्हणाली.

पुढच्या खेपेलाही तेच. मग तिनं तिचा उपाय सुरू केला. एकाच्या जागी दोन पानं, दोनाच्या जागी चार. पाणी चहाचं कॉफी झालं. कोळंब्या पानांवर तुटून पडायच्या, धष्टपुष्ट दिसायच्या, रंग तर असा चढला की येणारा-जाणारा थांबून बघे. अंडी मात्र अजून कमी. तिनं आणखी पानं आणली. सकाळी कामावर जाताना मला ती मागच्या भिंतीपाशी उकिडवी बसलेली दिसायची, आणि वरच्या गॅलऱ्यांत दोन-तीन बायका.

पहिल्या मजल्यावरची एकदा लिफ्टमध्ये भेटली. "काय म्हणतंय तुमच्याकडचं प्रसूतिगृह?"

"बंद आहे," मी म्हटलं.

"अरेरे. मालकिणीचा गुण लागला वाटतं."

मी घरी येऊन हे नणंदेला जसंच्या तसं सांगितलं. सांगायला नको होतं असं कोणी म्हणेल. पण असल्या गोष्टी दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा घरातून कळलेल्या बऱ्या. ती जाळी झटकत म्हणाली, "तिका सांग, गप रव म्हणान." रागावली की तिला मालवणी सुचायची. मग मराठीत म्हणाली, "दिवाळीला किती दिवस राहिले गं?"

एक सांगायचं राहिलं. तो ऑस्कर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पोट फुगून मेला होता. त्यामुळे रविवारच्या निवडणीतल्या फिक्या कोळंब्या टाकायच्या कुठे हा प्रश्न आला. ती त्या बाथरूमशेजारी ठेवलेल्या रंगाच्या जुन्या बादलीत टाकायला लागली. नवीन मासा आणला की त्याला होतील, या हिशेबानं. मासा काही आणला गेला नाही. बादलीत पाणी त्याच नळाचं, तिच्या त्याच पिंपातलं. खायला दुधीची उकडलेली सालं. पानं नाहीत. "बादलीतल्यांचे लाड कसले," असं ती म्हणाली होती.

दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा मला ती बादली हवी होती. फरशी पुसायला. मी ती मोरीत उपडी करायला उचलली आणि आत बघितलं. बादलीच्या कडेला खालपासून वरपर्यंत पिल्लं चिकटलेली. धाग्याचे तुकडे, शेकड्यांनी. आणि मधे त्या गुलाबी, पारदर्शक, कुरूप माद्या, प्रत्येकीच्या पोटाखाली अंड्यांचा गच्च घोस, निवांत वारा घालत बसलेल्या.

"अगं इकडे ये," मी हाक मारली. "तुझ्या टाकाऊंना पोरं झालीत."

ती आली. बघितलं. गुडघे टेकून बसली, पाण्यात बोट बुडवून वास घेतला. मी फडकं हातात घेऊन उभी. ती म्हणाली, "पाणी तेच आहे."

"तेच."

"हवा तीच आहे. खाणं यांना कमीच आहे."

"मग यांना काय मिळालं जे त्यांना नाही?"

"उलटं विचार वहिनी," ती म्हणाली. "त्यांना काय मिळालं जे यांना नाही."

दोघींनी एकदमच गॅलरीकडे बघितलं. लाल कोळंब्यांच्या टाकीत पानांचे थर होते, खालचं काही दिसत नव्हतं एवढे.

तरी तिचा विश्वास बसेना. पान तर झाडाचं, ती म्हणाली. तण जमिनीवर, झाड वर, झाडावर कोण फवारतंय? झाड तर हिरवंगार आहे. मग दोन दिवसांनी पंपवाला पुन्हा आला, दिवाळीच्या रांगोळ्यांसाठी अंगण साफ हवं म्हणून. या वेळी तिनं खिडक्या लावल्या नाहीत. खाली गेली. मीही गेले, सुट्टी होती. तो माणूस भिंतीच्या कडेनं चालला होता. गवत होतं कुठे, दोन-चार काड्या, पण त्याला सगळी जमीन ओली करायला सांगितली होती. बदामाखाली आदल्या रात्री पडलेली पानं होती, मोठी, तपकिरी, अखंड, तिला हवी तशीच. पान वाळलं की वाटीसारखं वळतं. त्या एकेका वाटीत फेस साठला होता. आमच्यासमोर तो आत जिरला. पान पुन्हा कोरडं, चांगलं दिसायला लागलं.

"रोज धुवायचे गं मी," ती म्हणाली.

"वरून धुतलंस."

सेक्रेटरी तिथेच उभे होते, आकाशकंदिलाच्या बांबूंवर लक्ष ठेवत. ती त्यांच्याकडे गेली. शांतपणे सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. त्यांनीही पूर्ण ऐकून घेतलं, हे कबूल करायला हवं.

"मेल्या किती?" त्यांनी विचारलं.

"मेल्या नाहीत."

"एकही?"

"एकही मेली नाही. पण अंडी धरत नाहीत. धरलेली टाकून देतात."

"म्हणजे जिवंत आहेत, खातायत, पितायत."

"हो. पण पिल्लं—"

"मग झालं तर! बाई, औषध विषारी असतं तर मेल्या असत्या की नाही? साधी गोष्ट आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं, समजूतदार माणूस शोधावा तसं. "अहो, इथे चांगल्या लग्न झालेल्या बायकांना होत नाहीत, त्या कोणाला जाब विचारतात? आणि तुम्हाला तर या विषयातलं..." ते थांबले. पुढचं वाक्य बोलायची त्यांना गरज नव्हती. पंपवाला ऐकत होता, तोसुद्धा हसला.

मला त्यांच्याशी वाद घालता आला असता. घातला नाही. त्यांचं म्हणणं कागदावर मांडलं तर बरोबर ठरलं असतं. सोसायटीत कोणीही येऊन टाकीत डोकावलं असतं तर त्याला काय दिसलं असतं? लाल, तुकतुकीत, मजेत चरणाऱ्या कोळंब्या. प्रेत दाखवता येतं. जे जन्मलंच नाही ते कसं दाखवणार?

वर येऊन तिनं सगळी पानं काढली, डब्यातलीसुद्धा. पाणी बदललं. तिच्या अंदाजानं दोन-तीन महिन्यांत काही माद्या सुधारल्या असत्या, ज्या तोवर म्हाताऱ्या झाल्या नसत्या त्या. कोळंबीचं आयुष्यच वर्ष-दीड वर्षाचं. म्हणजे तिची चांगली पिढी म्हातारी होत चालली होती आणि तिच्यामागे पिढी नव्हती. आणि दिवाळी झाली की दुकानदार यायचा होता, म्हणजे आठवड्याभरात.

तो आला, हेल्मेट काखेत, तोंडात बडीशेप. टाकीसमोर उभा राहून शीळ घातली. "ताई, माल एक नंबर. पण अंडी कुठायत?"

तिनं त्याला खोटं सांगितलं नाही. सांगता आलं असतं, काल-परवाच पिल्लं सोडली म्हणून. तिनं तणनाशक सांगितलं, पानं सांगितली, दोन-तीन महिने मागितले.

"कोण थांबतंय ताई? मी गिऱ्हाइकाला कोळंबी विकत नाही, पोरं विकतो. घरी नेली की वाढली पाहिजेत. या काय, फोटो काढायला?" मग हात धुवायला म्हणून तो आत गेला आणि बाथरूमबाहेर थबकला. "ही काय भानगड?"

"टाकाऊ आहेत त्या."

तो बादलीवर वाकला. बादली हलवून पाहिली. "आयला! किती आहेत या?"

"मोजल्या नाहीत."

"ताई, या चालतील. जिवंत खाद्य. मोठ्या माशांचे शौकीन असतात, त्यांना सुकं नको असतं, हलणारं पाहिजे. आठवड्याला एवढ्या देऊ शकाल?"

"याच्या दुप्पट," ती म्हणाली. आवाज पॅकिंग खात्यातला.

"मग खोली घ्या. पण टाक्यांत हेच. लाल-बिल काही नाही, जागा तेवढीच आहे. पक्कं सांगा, दुसरा एक मागतोय, गप्पीवाला."

ती गॅलरीत गेली, मी मागोमाग. दुकानदार हॉलमध्ये नवऱ्याशी क्रिकेटचं बोलत बसला. ती टाकीकडे बघत म्हणाली, "वहिनी, दोन-तीन महिने तू ठेवशील या? इथेच. आठवड्यातून एकदा पाणी बदलायचं, बस. एखादीनं जरी अंडी धरली तरी मी येऊन घेऊन जाईन. धाग्याएवढी चार पिल्लं मिळाली तरी पुन्हा उभी करीन."

"नाही," मी म्हटलं.

तिनं मान वळवली नाही.

"मी आठ वाजता घरी येते. पाणी बदलणार नाही. पहिल्या आठवड्यात बदलीन, दुसऱ्या आठवड्यात विसरेन, तिसऱ्या आठवड्यात तुला फोनवर खोटं सांगीन. त्यापेक्षा आत्ता नाही म्हणते."

"दादाला विचारू?"

"विचार. तो हो म्हणेल."

यावर ती हसली. खरोखर हसली. तिच्या भावाचं हो म्हणजे काय ते आम्हा दोघींइतकं कोणाला माहीत होतं? मीटिंगमध्येही त्याचं हो होतं.

पुष्कळ वर्षांत माझ्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं, आणि तिनं तर कधीच नाही. तरी ते उत्तर बरोबर होतं. आजही तेच देईन. ती आता घाटकोपरला आहे, पोटमाळ्यावर वाकून वावरते. फिक्या कोळंब्या पिकवते, तोलून देते, आणि तिचं चांगलं चाललंय. मी दोनदा जाऊन आले. दाराला आतून कडी आहे.

पण त्या दिवशीचं सांगते. ती हॉलमध्ये आली आणि दुकानदाराला म्हणाली, "खोली पक्की. आणि या लाल घेता का?"

"काय करू त्यांचं?"

"खाद्य म्हणून."

त्यानं बडीशेप चघळायची थांबवली. "खरं सांगू? माझ्याकडे एक फ्लॉवरहॉर्न मासा आहे, या रविवारी गिऱ्हाईक बघायला येतंय. लाल खाऊ घातलं ना, की त्याला रंग चढतो. पण ताई, जीव होईल का तुमचा?"

"पिशवी आणा."

तिनं स्टूल ओढलं, चष्मा चढवला. मी पिशवीचं तोंड धरून उभी राहिले. ती एकेक करून जाळीत घेत होती, घाई न करता, रविवारी घ्यायची तशीच. या वेळी निवडायचं काही नव्हतं. एक मोठी मादी होती, जिच्यापासून ही सगळी पिढी निघाली, काळपट लाल. ती स्पंजाच्या मागे जाऊन बसली. नणंदेनं स्पंज उचलला, ती काचेच्या कोपऱ्यात गेली. कोपऱ्यातून पंपाच्या नळीमागे. दुकानदार म्हणाला, राहू द्या ताई एखादी. तिनं जाळी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, नळी बाजूला केली आणि मादीला बाहेर काढलं. मानेमागे डाग होता, पिवळा, ठळक. तिनं तो बघितला. मीही बघितला. टप्.

दुकानदारानं पिशवीला रबर लावलं आणि हेल्मेट उचललं.

"आजच घालणार?" तिनं विचारलं.

"आजच. दोन दिवस उपाशी ठेवलाय त्याला."

तिनं पिशवी उजेडाकडे धरून पाहिली. "हवा कमी भरलीत तुम्ही. मुलुंडपासून घाटकोपर, त्यात सिग्नलला उभं राहाल उन्हात. वाटेतच मरतील." मग रबर सोडलं, पंपाची नळी आत घातली, पिशवी फुग्यासारखी टणक होईपर्यंत हवा भरली आणि दुहेरी रबर मारून त्याच्या हातात दिली. "आता जा. कुठे चहाला थांबू नका."